राज्य कुणावर?

"तंबाखू, वासावरनं हुडक की आमाला!"

लपाछपीचा डाव. कडुनिंबाला डोकं टेकून, डोळे मिटून मी आकडे म्हटले, वळले, तर मैदानात कुणी नाही. हौदाआड बघितलं, शाळेमागं बघितलं. मग वरून ही हाक. वर्गाच्या खिडकीत सगळ्या उभ्या. नाकं धरून. हसत.

हाक मारणारी सुनंदा. नवी पेठेत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. माझी आई विड्या वळायची. घरभर तंबाखू, माझ्या गणवेशालाही तोच वास. म्हणून मी तंबाखू. माझं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट. राज्य रोज माझ्यावर. राज्य! काय शब्द आहे बघा. ज्याच्यावर येतं त्यानं झाडाला तोंड लावून उभं राहायचं. तरी मी खेळायला जायची. खेळातून काढलं तर मधल्या सुट्टीत एकटीनं बसावं लागेल, याची मला फार भीती वाटायची.

डावाआधी आम्ही चकायचो. तिघींनी एकदम पंजे पुढे करायचे, उताणे नाहीतर पालथे. जिचा वेगळा ती सुटली. दोघीच उरल्या की सुटलेल्यांपैकी एकीनं तिसरा हात द्यायचा. शेवटी उरेल तिच्यावर राज्य. मी कधी सुटलेच नाही. घरी सांगितलं तर विडीवरून मान वर न करता आई म्हणायची, "आपलं नशीबच तसलं." मला ते पटायचं. आता त्याचाच संताप येतो.

एका रविवारी गल्लीतल्या पोरींबरोबर चकले. पहिल्याच खेपेला सुटले. परत सुटले. गल्लीत धड असलेलं माझं नशीब शाळेच्या फाटकात शिरलं की फुटतं कसं?

सोमवारी मी तोंडं बघितली नाहीत, हात बघितले. सुनंदाचा उताणा. तिच्या मैत्रिणीचा, मंगलचा, पालथा. परत तसंच. परत तसंच. मी काहीही टाकलं तरी दोघींपैकी एकीशी जुळणार, आणि सुटणार ती दुसरी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी दोघींची मनगटं धरली.

"तुझा कायम उताणा, हिचा कायम पालथा. मी सुटणार कशी?"

"गंमत केली गं," सुनंदा म्हणाली. "लगेच चिडतीस काय?"

"गंमत हाय व्हय? मग आज तू घे राज्य."

तिचं हसू गेलं. "मी? मी का म्हणून?"

तेवढ्यात बाई आल्या. सगळं ऐकून मलाच म्हणाल्या, "खेळात असं चिडू नये. घे बरं राज्य."

"न्हाय घेणार."

बाईंना मी जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं. मनगटंही सोडली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून खेळात माझं नाव नाही. भाकरी एकटीनं खाल्ली. रडलेही. काही दिवसांनी माझ्या जागी त्यांनी लक्ष्मीला घेतलं. आमच्याच गल्लीतली, विणकराची पोर. राज्य रोज तिच्यावर. भाकरी तशीच ठेवून मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "लक्षे, तोंडं नको बघू. त्यांचे हात बघ!"

लक्ष्मीनं बघितलं. हात मागं घेतला.

आजही कुणी कुणाचं नशीब फुटकं म्हटलं की मी आधी आजूबाजूचे हात बघते. लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. एकदा धरलेलं मनगट मी सोडणार नाही.