वीस मिनिटांची काचनळी

प्रल्हाद गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगच्या एका छोट्या दवाखान्यात तो रक्त तपासायचा. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो, सर्पदंशावर संशोधन करतो. सहा वर्षं आमचं काम जोडीनं चाललं, आणि शेवटचं वर्षभर मी त्याच्यावर संशय घेत होतो... हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

तपासणी तशी साधी. साप चावलेल्याचं थोडं रक्त कोरड्या काचनळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. गोठलं नाही तर विष भिनलं समजून प्रतिविषाची लस सुरू करायची. पहिल्या भेटीत मी दहाव्या मिनिटाला नळी उचलायला गेलो, तर त्यानं माझं मनगटच धरलं. “हात नका लावू सर! रक्ताले काय तुमच्यासारखी वाशिमची गाडी पकडायची हाय?” प्रत्येक नोंद तो रजिस्टरमध्ये करायचा, माणूस घरी गेल्यावरही फोन करून विचारपूस करायचा. माझ्या दोन शोधनिबंधांचा पाया म्हणजे ते रजिस्टर.

गेल्या पावसाळ्यात मात्र नोंदी विचित्र येऊ लागल्या. एकामागून एक रक्त न गोठलेलं. धामण चावलेल्या माणसाचंसुद्धा! धामणीला विष कुठून येणार? हा खुर्चीत बसून रजिस्टर भरतो, असं माझ्या मनानं घेतलं. न सांगता दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तो नळीसमोर बसलेला. तरी शंका गेली नाही. मी येणार हे त्याला कुणी आधीच कळवत असेल का? त्यातच अकोल्याच्या एका बैठकीत दुसऱ्या संस्थेतल्या बाईंच्या मोबाइलवर त्या रजिस्टरच्या पानाचा फोटो दिसला. प्रल्हादचंच अक्षर. म्हणजे आमच्या नोंदी हा परस्पर वाटतो तर! बाईंना मी काही विचारलं नाही, त्यालाही नाही. फक्त त्याला निष्कर्ष पाठवणं बंद केलं.

त्याचा फोन आला. “सर, तुमी मले काहून काही सांगून नाही राह्यले?”

“काम चालू आहे.”

“बरं... एक सांगा. तुमच्याकडून येतेत त्या नळ्या तिकडं कायनं धुतेत?”

आता हा आपली चूक माझ्यावर ढकलतोय, असं वाटून मी “मीटिंगमध्ये आहे” म्हणालो आणि फोन ठेवला. पुढच्या निबंधात ‘या नोंदी विश्वासार्ह नाहीत’ असं लिहून ते महिने गाळले. त्याचं नावही गाळलं.

तेराव्याला त्याच्या घरी गेलो तेव्हा कमलवहिनींनी रजिस्टर हातात दिलं. “तुमालेच द्यायचं म्हनून ठेवलं होतं त्यायनं.” त्या महिन्यांच्या पानांवर लाल रेघ होती, आणि समासात लिहिलेलं : ‘सरांच्या नळीत स्वतःचं रक्त घेतलं. गोठलं नाही. नव्या नळीत गोठलं.’ त्याखाली : ‘बाईंना फोटो पाठवून विचारलं. साबण राहिला तर असं होते म्हणे. सरांले सांगणे. घाईत असतेत.’

परतल्यावर प्रयोगशाळेत चौकशी केली. त्या पावसाळ्यापासून नळ्या कपड्यांच्या पावडरीनं धुतल्या जात होत्या. किती चमकतात, असं कौतुक मीच केलं होतं. त्या नळ्यांच्या भरवशावर किती जणांना नको असताना लस टोचली गेली असेल, याचा विचार करवत नाही.

निबंधाच्या दुरुस्तीचं पत्र मी पाठवलं आहे. त्यात चूक कुणाची ते आहे, आणि ती कुणी शोधली तेही.

वहिनींनी त्याचा नळ्या ठेवायचा लाकडी स्टँडही दिला. परवा नव्या नळीत स्वतःचं रक्त घेऊन त्यात ठेवलं. दहाव्या मिनिटाला हात पुढे गेला, आणि कुणी मनगट धरल्यासारखा थांबला. उरलेली दहा मिनिटं मी नळीसमोर बसून राहिलो.