विलासने छाटलेलं समालोचन

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी दाढी करत होतो. सुन्न झालो हे खरं, पण पाठोपाठ पहिला विचार आला तो माझाच... आता माझं रेकॉर्डिंग कोण करणार? हे लिहितानाही मान खाली जाते.

मी कुस्तीच्या मैदानांचा समालोचक. विलासचं रहिमतपुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. यात्रेच्या मैदानात मी माइक धरायचा आणि त्याने सगळं फोनवर टिपायचं, हे आमचं कित्येक वर्षांचं. घरी जाऊन तो हलगी, देणगीदारांची नावं, मधली शांतता छाटायचा, फाईल कॉम्प्रेस करून लहान करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मग लोकांचे मला फोन येत. हरलेल्या पैलवानालाही तुम्ही मान देता, म्हणत. मी सुखावायचो, आणि वर विलासलाच झापायचो, की माझं एवढं बोलणं तू इतकंसं का करतोस? तो हसायचा. "सर, लय जड हुती. जात नव्हती फाईल," एवढंच म्हणायचा.

तो गेल्यानंतरच्या आटपाडीच्या मैदानाचं रेकॉर्डिंग मीच फोनवर केलं, आणि ते छाटायलाही मलाच बसावं लागलं. स्वतःला सलग असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं... रहिमतपूरचा एक पोरगा चितपट झाला आणि माझा आवाज म्हणाला, "ह्याच्यापरीस ह्याचा म्हातारा बाप बरा लढंल." मैदान खदाखदा हसलं होतं. तो बाप, फौजेतून निवृत्त झालेले महादूआबा, आखाड्याला लागूनच बसले होते. पुढेही तेच, दर दोन कुस्त्यांमागे कुणाची तरी टिंगल. लोक ज्याचं कौतुक करत होते तो मी नव्हतोच, विलासने छाटून उरवलेला कुणी तरी होता. मला पुढे ऐकवेना.

ते वाक्य पुसायला बोट नेलं, पण नुसतं पुसून भागणार नव्हतं. मी महादूआबांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बरं झालं सर, फोन केलासा. वाट बघत हुतो."

कशाची, मी विचारलं.

"आवं, पोरगं हरलं आन् तुमी काय बोललासा, की दुसऱ्या दिशी विलासराव दारात यायचं. सरांनी माफी मागून धाडलंय, म्हणायचं. आता त्ये न्हाईत, तवा तुमीच फोन कराल, असं वाटलं हुतं."

मी विलासला कधीच कुणाकडे धाडलं नव्हतं. आबांना हे सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आज इथे लिहितोय. तेव्हा फोनवर "चुकलो, आबा," एवढंच कसंबसं म्हणालो.

"आवं सर," आबा म्हणाले, "दरवेळी कशाला माफी मागताय?"