स्पिरिटच्या दिव्यावरची हलगी
स्पिरिटच्या दिव्याचा तो गोडसर, उग्र वास आला की मला जुन्नरचं आमचं कॉलेज आठवतं. तिथं संगीत हा विषयच नव्हता, त्यामुळे युवक महोत्सवाच्या वाद्यसंघात आम्ही सगळे केमिस्ट्रीचेच होतो. निवडीच्या दिवशी श्रावणाची झड लागली होती. तळेघरहून एसटीनं हलगी घेऊन आलेली माझी मैत्रीण अगदी रडकुंडीला आली, कारण ओल धरलेलं कातडं नुसतं भदभद वाजत होतं. हलगी तापवायला जाळ हवा, आणि बाहेर तर काडीसुद्धा कोरडी नव्हती. मग आम्ही लॅबमध्ये चार दिवे पेटवले आणि हलगी त्यांच्यावर गोल फिरवायला लागलो. तेवढ्यात केमिस्ट्रीच्या मॅडम दारात उभ्या. "हा कुठला प्रयोग?" मैत्रीण घाबरून खरं तेच बोलून गेली, "हलगी तापवतोय मॅडम, लई गार पडली व्हती." मॅडमनी कातड्यावर टिचकी मारली, कान दिला आणि म्हणाल्या, "अजून कच्ची आहे. पाचवा दिवा लावा." त्या दुपारी हलगी अशी कडाडली की हॉलमधली पहिली शिट्टी पुढच्या रांगेतून आली, आणि ती मॅडमची होती. आमची निवड झाली. आता मीच लॅब घेते. दिवा पेटला की माझी बोटं टेबलावर आपोआप वाजायला लागतात, मागून कुणीतरी हळूच शिट्टी मारतं, आणि कोणी मारली ते मी विचारत नाही.