संवाद नीट करायचे नाहीत

सुमनताईंना मी पहिल्यांदा भेटलो ते माझी कथा दाखवायला. वडनेर भोलजीहून नांदुऱ्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा शाळेत शिकवून आलेल्या ताई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या आणि कथेतली आई काय बोलते ते सोलता सोलता म्हणायला सांगितले. हात कामात असताना जे वाक्य तोंडातून निघत नाही ते कागदावरही ठेवायचे नाही, ही त्यांची रीत. मी सुरू केले, "बाळा, तुझे वडील वारल्यापासून मी एकटीच हे घर सांभाळते आहे."

"बाप मेला हे लेकाले ठाऊक नाही का बे? काऊन सांगून राह्यली त्याले?"

"वाचकाला कळावं म्हणून, ताई."

"मंग वाचकाले वेगळं सांग. लेकाले आधी जेवू दे."

पुढे माझी आई शेगावला दवाखान्यात होती, तेव्हा ताई एसटीने आल्या. धीर धरा वगैरे काही बोलल्या नाहीत. डबा उघडून "भाकर गरम हाय, खाऊन घे," एवढेच म्हणाल्या. त्यांच्या पुस्तकांतली माणसेही अशीच बोलतात.

अशा लेखिकेची तिसरी कादंबरी कित्येक वर्षे पेटीत पडून आहे, याचा मला संताप येतो. तिची नायिका बौद्ध घरातली डॉक्टर. दवाखान्यात ती प्रमाण मराठी बोलते, पण वडिलांना त्यांचा आजार घरच्या बोलीत सांगते: "बाबा, गाठ हाय. काढा लागीन. तुमी आधी चहा प्या." प्रकाशकांचे म्हणणे असे, की गंभीर प्रसंगी वऱ्हाडी वाचून हसू येते; डॉक्टरणीला शुद्ध बोलू द्या, वऱ्हाडी गडीमाणसांच्या तोंडी राहू दे. म्हणजे आमच्या बोलीने फक्त हसवायचे! आमच्याकडे कुणाला गाठ होत नाही? कुणाचा बाप जात नाही?

"हसू तुमच्या कानात हाय, माह्या कादंबरीत नाही," असे सुनावून ताई हस्तलिखित घेऊन घरी आल्या.

तेच प्रकाशक आज ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरव समितीत आहेत. मानपत्रात ताईंच्या लेखनाला मातीचा सुगंध आहे म्हणे. पुस्तकात मात्र तो चालत नाही! पंचाहत्तरीनिमित्त कादंबरी काढू, फक्त संवाद थोडे नीट करू, असा निरोप त्यांनी माझ्याच हाती धाडला. मी दात-ओठ खात तो ताईंना सांगितला.

ताई शांत होत्या. "मी मेल्यावर छापतीन ते, अन् सारं बदलवतीन. तवा नाही म्हनाले कोन राहीन? म्हनून मले जगा लागते."

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतण्याचा शिष्टाचार आहे. मी ते शिष्टाचार म्हणून चिंतत नाही. ताई, औषधे वेळेवर घ्या, गुडघे सांभाळा आणि या समितीसकट आम्हा सगळ्यांना पुरून उरा.