कोनाकडं आल्या?

तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायला ठेवल्या होत्या. झाकण उचललं, तोंडावर वाफ आली आणि मला दारव्ह्याहून दिग्रसला जाणारी ती जीप आठवली. तापलेल्या रेक्झिनचा वास, पायाशी कापसाचं पोतं, आणि मांडीला मांडी लावून बसलेलो आम्ही सगळे.

ती वर्षं अशी होती, की कापसाच्या गावांतून सारख्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्याच बातम्या येत. मी मात्र प्रवासवर्णन लिहायला निघाले होते. शेजारच्या म्हातारीने विचारलं, “कोनाकडं आल्या, बाई?”

“कुणाकडेच नाही. मी फिरते आणि लिहिते.”

जीपमधल्या गप्पा थांबल्या. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आमच्या गावात सध्या कोनी मेलं नाही.”

मी आले होते रस्ते, झाडं, बाजार बघायला. त्यांना ठाऊक असलेली लिहिणारी माणसं मात्र मयत झाल्यावरच यायची. तेवढ्यात म्हातारीने ओच्यातल्या उकडलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. “माह्याकडं आली ते. माही पाहुनी हाये,” ती सगळ्यांना म्हणाली, आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

तेव्हा मला ती नुसती माया वाटली होती. तिने मला त्या माणसांत जागा करून दिली होती, हे फार नंतर कळलं.

हल्ली नव्याने लिहिणारी मुलं आपली प्रवासवर्णनं दाखवायला घेऊन येतात. डोंगर, नदी, सूर्यास्त, सगळं छान उतरलेलं असतं, माणूस मात्र एकही नसतो. मी शेवटपर्यंत वाचते, चष्मा काढते आणि विचारते, “कोनाकडं गेलते तुमी?”