आकाशातल्या तारणाची चावी

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणत आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. ती कोर्टात उभी राहणारी वकील नव्हती. वकिलांच्या फर्ममध्ये मागच्या खोलीत बसून कायदे, करार, नोंदी धुंडाळणारी संशोधक. सुरुवातीची वर्षं जहाजांवरच्या कर्जांत गेली. मग बँका उपग्रह तारण ठेवून कर्ज द्यायला लागल्या. त्यातलं कुणालाच ओ की ठो कळेना, तेव्हा फर्मच्या मालकीणबाईंनी ते लोढणं हिच्या गळ्यात अडकवलं. "नाहीतरी तू कुणावर विश्वास ठेवत नाहीस. तूच बघ."

आता तुम्हीच सांगा, कर्ज बुडालं तर घराला कुलूप ठोकता येतं, जहाज बंदरात अडकवता येतं. आकाशात फिरणाऱ्या यंत्राची जप्ती करायला कोण जाणार? बँकेच्या हाती उरते फक्त चावी, म्हणजे उपग्रहाला हुकूम देण्याचे गुप्त संकेत. ते सीलबंद करून तिसऱ्याच माणसाकडे ठेवायचे, अशी या धंद्याची रीत. कर्ज थकलं की सील फोडायचं. तोवर ती चावी मुळात लागते का, हे कुणी बघतच नाही! "म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात," असं ती भर मीटिंगमध्ये बोलून गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक व्यवहारात तिचा एकच हट्ट: आधी चावी लावून दाखवा.

तिच्या शंकेतून जगात एकच माणूस सुटला होता, तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला हिनंच वाढवलं. तो एका उपग्रह कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होता. नेमकी तीच कंपनी कर्ज मागायला आली आणि हिच्या फर्मनं बँकेची बाजू घेतली. ही तडक मालकीणबाईंकडे गेली. "माझा भाऊ आहे तिथे. मला यातून काढा."

"मग हे काम दुसऱ्या कुणाला येतं? तू त्यांना सांगून टाक, त्यांची हरकत नसेल तर झालं."

तिनं कंपनीच्या मॅनेजरला सांगितलं. तो हसला. "हरकत कसली? उलट बरंच! घरचंच माणूस."

हे 'उलट बरंच' तिला टोचलं. समोरच्या पक्षाला एवढा आनंद का व्हावा? पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्याच सुमाराला भाऊ वरचेवर जेवायला यायला लागला. घरी ती कामाबद्दल ताकास तूर लागू देत नसे. एके दिवशी भात वाढून घेता घेता तो सहज म्हणाला, "ताई, चावीची चाचणी कधी आहे गं?"

तिचा घास हातातच राहिला. चाचणीची अट तिनं कंपनीला अजून कळवलीच नव्हती. "तुला कुणी सांगितलं?"

"ऑफिसात बोलत होते. तुझा हट्ट काय लपून राहिलाय?"

दुसरा कुणी असता तर तिनं त्याला सोलून काढलं असतं. पण हा भाऊ. मनात पाल चुकचुकली, आणि तिनं स्वतःलाच झापलं: पुरे झालं, आता घरातही वकिली करशील का? तिनं त्याच्या पानात आणखी भाजी वाढली.

चाचणी कंपनीच्याच इमारतीत ठरली. कंपनीच्या यंत्रणेवर विसंबायला नको म्हणून बँकेनं दुसरीकडचा अँटेना भाड्यानं घेतला होता. मीटिंगच्या खोलीत बसून त्याच्यावरून हुकूम सोडायचा. समोरच कंट्रोल रूम, तिच्या काचेवर पडदे ओढलेले. सील फोडलं, चावी लावली, हुकूम गेला: उपग्रहावरचा छोटा हीटर चालू कर. थोड्या वेळानं स्क्रीनवर उत्तर आलं. हीटर चालू!

टाळ्या पडल्या. मालकीणबाई पर्स उचलायला लागल्या. ही मात्र त्या पडद्यांकडे बघत बसून राहिली. आत कुणाची ड्यूटी आहे ते तिला ठाऊक होतं. ऊठ बाई, झालं सगळं, असं तिनं स्वतःला बजावलं. पाय काही उठले नाहीत.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. "आता हीटर बंद करू. पण आधी समोरची खोली रिकामी करा."

मॅनेजरचा आवाज चढला. "अहो, संशय कसला आहे तुम्हाला?"

"संशय नाही, पद्धत आहे," ती धडधडीत खोटं बोलली.

मालकीणबाईंनी मॅनेजरच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पर्स खाली ठेवली. "करा रिकामी."

दार उघडलं. आधी एक मुलगी बाहेर आली, तिच्यामागून भाऊ, गळ्यात हेडफोन तसाच. त्यानं हिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाग गं बाई, लाग, असं ती त्या चावीला मनातल्या मनात विनवत होती. व्यवहार गेला खड्ड्यात, तिला फक्त आपला भाऊ खरा निघायला हवा होता.

हुकूम गेला. उत्तर नाही. पुन्हा सोडला. नाही. वर हीटर आपला चालूच.

पुढे सगळं बाहेर आलं. त्याच उपग्रहावर कंपनीनं आधीच दुसऱ्या एका बँकेकडून कर्ज काढलं होतं आणि खरी चावी तिला देऊन ठेवली होती. हिच्यापुढे ठेवले होते जुने, रद्द झालेले संकेत, आणि पडद्याआडून खरा हुकूम भावानं सोडला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय!

संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"साहेबांनी सांगितलं, मी केलं. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती."

तिनं दार आणखी उघडून धरलं. तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

"आत मी आहे, हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग चारचौघांत कशाला? आधी घरी विचारायचंस ना ताई! एकदा तरी विचारायचंस मला!"

तिला रडू आवरेना. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," ती म्हणाली, "आणि मी ते खरं मानलं असतं."