गुळगुळीत दाढीची हरकत

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान बाजारपेठेत सलून चालवायचे. गिऱ्हाइकं त्यांना शेठ म्हणायची आणि ते राहायचेही तसेच. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, तुळतुळीत दाढी. कंपवाताने हात थरथरायला लागले तेव्हा आधी वस्तरा सुटला, मग कात्री, शेवटी दुकान. आता त्यांना पाण्याचा पेला धरता येत नाही की शर्टाचं बटण लावता येत नाही. दाढी मात्र एक दिवस चुकत नाही. ती बहीण करते. शेठनी तिला स्वतःच्या गालावर शिकवलं. "घाबरतेस काय? कापलं तर तुझाच नवरा आहे," असं म्हणत.

बहीण औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिच्या सगळ्या रजा संपल्या होत्या आणि आता घरीच बसा, एवढंच सुपरवायझरने तोंडाने म्हणायचं बाकी होतं. दिवसभर शेठजवळ माणूस ठेवायचा तर अपंग भत्ता मिळायला हवा होता. नाही मिळाला तर तिची नोकरी जाणार, आणि घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

अर्ज मी भरला. सगळे कागद क्रमाने लावले, झेरॉक्स जोडल्या. तपासणीच्या दिवशी मात्र ऑफिसात ऑडिट होतं, म्हणून दोघंच गेली. महिन्याभराने नकार आला. 'अर्जदार नीटनेटका. दाढी गुळगुळीत. बुटांच्या नाड्या व्यवस्थित बांधलेल्या. हातांना कंप आढळला नाही. स्वतःची निगा राखण्यास समर्थ.'

"आढळला नाही म्हणजे?" मी ओरडलोच. "हात काय घरी ठेवून गेला होतात?"

"मांडीखाली दाबून बसलो होतो," शेठ म्हणाले.

"का?"

"सारखे हलत होते दादा. चारचौघांत बरं दिसत नाही."

मी कपाळाला हात लावला. हात हलतात हे दाखवायला गेलेला माणूस हात लपवून बसला होता!

अपील करायला मी स्वतः गेलो. खिडकीतल्या कारकुनाने नकाराचा कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दाढी करून कशाला आले ते?"

"बायकोने केली होती."

"त्याचा पुरावा जोडा."

"दाढीची पावती मिळते का हो कुठे?"

"चिडू नका काका. नवीन मुद्दा असेल तरच अपील टिकतं."

सुनावणीची तारीख लागली. मी घरी जाऊन बजावलं, "तोपर्यंत दाढीला हात लावायचा नाही."

"दादा, तुम्ही बनियनवर ऑफिसला जाल?" शेठनी विचारलं.

"भत्ता मिळणार असेल तर जाईन."

"मी नाही जाणार. वाटेत बाजार लागतो. तिथला प्रत्येक माणूस माझ्या खुर्चीत बसून गेलाय."

"आणि मी त्यांना असं गबाळं नेणार नाही," बहीण म्हणाली. म्हणजे जिची नोकरी जाणार, तीसुद्धा त्यांच्याच बाजूची!

"बरं, मग दाढी करा," मी म्हणालो. "पण तिने नाही. तुमची तुम्ही."



सुनावणीच्या सकाळी शेठ न्हाणीघरात गेले. बराच वेळ आतून तांब्या पडल्याचे, काहीतरी घरंगळल्याचे आवाज येत होते. बहीण दाराशी उभी राहून पदर पिळत होती. ते बाहेर आले तेव्हा एक गाल निम्मा झालेला होता, दुसऱ्यावर साबण वाळला होता आणि हनुवटीवरून रक्ताचा ओघळ आला होता. ती ब्रश घेऊन धावली.

"राहू दे," शेठ म्हणाले. "असाच चल म्हणतोय ना तुझा भाऊ."

कचेरी बाजाराच्या पलीकडे. मधेच एका फळवाल्याने हाक मारली, "काय शेठ, कुणाच्या हाताखाली सापडलात?"

"नवीन कारागीर ठेवलाय," शेठ हसून म्हणाले. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही.

सुनावणीला तिघं होते. मधल्या बाईंनी आधी नकाराचा कागद वाचला, मग शेठकडे पाहिलं.

"आज दाढी कोणी केली?"

"मी."

"आणि त्या दिवशी?"

"हिने. रोज हीच करते."

"हात टेबलावर ठेवाल?"

शेठनी बहिणीकडे पाहिलं आणि हात ठेवले. टेबलावरचं पेन थरथरत कडेला गेलं आणि खाली पडलं. बाईंनी सही केली. "मंजूर. दोन वर्षांनी फेरतपासणी."

"अहो, हा आजार बरा होत नाही," मी म्हणालो. "तुमच्याच फाइलमधल्या डॉक्टरांच्या दाखल्यात तसं लिहिलंय."

"नियम आहे."

"मग दोन वर्षांनी काय बघणार?"

"पुढचे कोण आहेत?" बाईंनी दाराकडे बघून विचारलं.

बाहेर आल्यावर बहिणीने तिथूनच सुपरवायझरला फोन लावला. सोमवारपासून नियमित येते म्हणाली, दोनदा म्हणाली. शेठ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"चला, काम झालं," मी म्हणालो.

"बाजारातून नको," ते म्हणाले.

मागचा रस्ता लांबचा, चढाचा, आणि ऊन डोक्यावर आलेलं. मी फाइल काखेत मारली आणि तिकडे वळलो.